पायलट ट्रेनिंगमध्ये गाडं अडलं की काय करायचं: सोलो लांबलेल्यांसाठी, चेक फेल झालेल्यांसाठी, मेडिकलमध्ये अडकलेल्यांसाठी

माझी पहिली सोलो, म्हणजे इन्स्ट्रक्टरशिवाय एकट्याने केलेलं पहिलं उड्डाण, २७ व्या तासाला झाली. बॅचमधल्या बाकीच्यांची पंधरा ते अठरा तासांत आटपली होती, आणि माझं मात्र रोज सकाळी तेच सर्किट (उडून रनवेभोवती एक फेरी मारून परत उतरणं), तोच रनवे आणि चाकं टेकायच्या ऐन वेळी इन्स्ट्रक्टरचा तोच शांत आवाज, "आय हॅव कंट्रोल", म्हणजे विमान आता त्यांच्या हातात. हे शब्द सलग आठवडाभर ऐकले की पोटात काय होतं ते ज्याचं त्यालाच माहीत. घरी फोन केला की एकच सल्ला, जिद्द सोडू नकोस. अहो पण जिद्द होतीच की! जिद्दीपायीच तर मी रोज तीच चूक आणखी जोर लावून करत होतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की जिद्द नंतर, आधी निदान. ताप आलाय म्हणून नुसतं "सहन कर" म्हणून भागत नाही, कशाचा ताप आहे ते बघावं लागतं. ट्रेनिंगमध्ये माणूस अडतो तो कधी हाताच्या कामात, कधी डोक्यातल्या थिअरीत, कधी शरीरात, कधी खिशात आणि कधी शेजारच्या सीटवर बसलेल्या माणसामुळे, आणि या पाचही दुखण्यांवर औषध वेगवेगळं आहे. खाली जे लिहिलंय ते मी ज्या क्रमाने करायला हवं होतं त्या क्रमाने आहे, ज्या क्रमाने केलं त्या नाही.

आधी चूक सेकंदात पकडा

"माझं लँडिंग खराब आहे" या वाक्याचा काही उपयोग नाही. यातून फक्त रडू येतं. माझ्या इन्स्ट्रक्टरने एक दिवस सॉर्टी (सरावाचं एक उड्डाण) संपल्यावर मला विमानाच्या पंखाखाली उभं केलं आणि म्हणाले, शेवटची दहा सेकंदं बोलून दाखव. मी सुरू केलं, थ्रेशोल्ड (रनवेची सुरुवात) ओलांडला, पॉवर काढली, मग फ्लेअर केला (टेकण्याआधी नाक हळूच वर घेतलं), मग... बाउन्स झालं.

"फ्लेअरच्या वेळी बघत कुठे होतास?"

"रनवेकडे, सर."

"रनवे एवढा लांब आहे. त्यातला कुठला?"

मला सांगता येईना. नंतर लक्षात आलं की मी नाकाच्या अगदी पुढ्यातला तुकडा बघत होतो, तिथली जमीन सरसर मागे पळते, उंचीचा अंदाजच येत नाही आणि मग घाबरून योक (विमानाचं हँडल) एकदम ओढला जातो. नजर रनवेच्या पार शेवटच्या टोकाला न्यायची, म्हणजे डोळ्यांच्या कडांना जमीन दोन्ही बाजूंनी वर येतेय हे आपोआप कळतं आणि हात त्या चालीने मागे येतो. इतकंच होतं. चौदा तास "माझ्यात ती गोष्टच नाही" म्हणत काढले आणि दुखणं निघालं नजरेचं.

दुसरं दुखणं स्पीडचं होतं. सेसना १७२ सारखं विमान फायनलवर (रनवेकडे सरळ येणाऱ्या शेवटच्या टप्प्यावर) साधारण ६५ नॉट वेगाला आणायचं असतं, मी भीतीपोटी "थोडा जास्त असू दे" म्हणून ७५ ठेवायचो. दहा नॉट म्हणजे काय एवढं, असं वाटतं. पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे हिशेब केला तर विमानात तेहतीस टक्के जास्त ऊर्जा घेऊन मी खाली येत होतो आणि वर तक्रार करत होतो की हे तरंगतंच राहतं, टेकत नाही!

तर पहिली पायरी हीच: जे बिघडतंय त्याची शेवटची दहा-पंधरा सेकंदं शब्दांत सांगा. डोळे कुठे होते, स्पीड किती होता, हात काय करत होता. जिथे सांगता येत नाही, बहुतेक वेळा चूक तिथेच लपलेली असते.

वही ठेवा, पण लगेच लिहा

लॉगबुक (उड्डाणाच्या तासांची अधिकृत नोंद) वेगळं, ही वही वेगळी. विमानातून उतरल्यावर चहा-गप्पांच्या आधी पंधरा मिनिटांत लिहायचं, कारण माणूस शिकलेलं सगळ्यात वेगाने सुरुवातीलाच विसरतो, हे एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून लिहून ठेवलंय. वहीत तीन ओळी पुरतात. आज काय जमलं, काय बिघडलं (सेकंदासकट), आणि पुढच्या सॉर्टीत एकच काय सुधारणार. एकच! मी आधी पाच-पाच गोष्टी लिहायचो, स्पीड, ट्रिम, रडर (शेपटीवरचं सुकाणू), नजर, आरटी (रेडिओवरचं बोलणं), आणि वर गेल्यावर पाचपैकी एकही आठवायची नाही.

माझ्या वहीतल्या एका पानावर फक्त एवढंच आहे (बेस म्हणजे फायनलच्या आधीचा टप्पा): "३ रं लँडिंग. बेसवरच ८० नॉट. ट्रिम केलंच नाही. उद्या: बेसवर वळलं की ट्रिम." दुसऱ्या दिवशी तेवढंच केलं आणि फायनल निम्मी सोपी झाली, कारण ट्रिम केलेलं विमान स्पीड स्वतः धरून ठेवतं, आपण त्याच्याशी कुस्ती करायची गरज नसते.

हात थांबलाय असं वाटतं तेव्हा

प्रगती रोज थोडी थोडी होत नाही. काही दिवस भराभर जमतं, मग दोन आठवडे जणू भिंत, उलट कालचं जमलेलंही जात असल्यासारखं वाटतं, आणि मग एका सकाळी अचानक सगळं जागेवर बसतं. या भिंतीला प्लॅटो म्हणतात आणि ती जवळपास प्रत्येकाला लागते.

लँडिंगमध्ये ती जास्त का लागते याचा एक साधा हिशेब आहे जो मला कुणी सांगितला असता तर माझ्या बऱ्याच रात्री वाचल्या असत्या. एक सर्किट सहा मिनिटांचं धरा, तासाला दहा लँडिंग. फ्लेअर मात्र चालतो पाच-सहा सेकंद. म्हणजे तासभर घाम गाळून खऱ्या फ्लेअरची प्रॅक्टिस मिळते जेमतेम एक मिनिट. वीस तास सर्किट मारली तरी वीस मिनिटं! वीस मिनिटांत सायकल तरी येते का कुणाला?

त्यामुळे उपाय म्हणजे ती मिनिटं वाढवणं. लांब रनवे असेल आणि इन्स्ट्रक्टर तयार असेल तर त्यांना पॉवर सांभाळू द्या आणि तुम्ही विमान टेकवण्याऐवजी रनवेवर काही फुटांवर धरून ठेवायचा सराव करा, त्या एका फेरीत पाच सेकंदांऐवजी पंधरा-वीस सेकंद मिळतात. हे एकट्याने करायचं नाही बरं का, इन्स्ट्रक्टर शेजारी असतानाच.

दुसरा उपाय फुकट आहे, खुर्चीवर बसून उडवणं. कॉकपिटचं चित्र भिंतीला लावा, डोळे मिटा आणि अख्खं सर्किट मोठ्याने बोलत, हात प्रत्यक्ष हलवत करा. मनातल्या मनात केलं तर आपण सोयीने टप्पे गाळतो, मोठ्याने बोललं की अडखळतो तिथेच कळतं की हे पाठ नाही. घरचे वेड्यात काढतील, काढू दे.

आणि योक आवळून धरणारे असाल तर बोटांमध्ये पेन्सिल अडकवून उडवून बघा, मूठ आवळली की बोटं दुखतात आणि लगेच आठवण होते. जुनी ट्रिक आहे, पण चालते.

एक गोष्ट मात्र सुरुवातीपासून पक्की करा. बाउन्स झालं की नाक खाली दाबायचं नाही. नाक दाबलं की पुढचं चाक आधी आपटतं, विमान पुन्हा उसळतं, पुढची उसळी त्याहून मोठी आणि प्रॉपेलर जमिनीला लागायची वेळ येते. फुल पॉवर, नाक सावरून धरा, फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या झडपा) टप्प्याटप्प्याने वर, गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर. गो-अराउंडला विद्यार्थी अपयश समजतात, मीही समजायचो. आता माझ्या मते गो-अराउंड वेळेत न करणं हे अपयश.

चेक फेल झाला

चेक म्हणजे एक्झामिनरसमोरची उड्डाणाची परीक्षा. ती गेली तर पहिले चोवीस तास काही ठरवू नका. कुणाला मेसेज नको, स्कूल सोडायचा निर्णय नको, एक्झामिनरवर राग काढणं तर नकोच नको. झोपा. दुसऱ्या दिवशी डिब्रीफ (चेकनंतरचा आढावा) लेखी मागून घ्या, नेमका कुठला आयटम गेला, किती फुटांनी, किती नॉटांनी. बऱ्याच ठिकाणी सगळा चेक पुन्हा द्यावा लागत नाही, गेलेला भागच द्यावा लागतो, पण त्याला मुदत असते, त्यामुळे आपल्याकडचा नियम त्याच दिवशी विचारून ठेवा.

मग स्वतःला विचारा की हे तुम्हाला येतच नव्हतं, की येत होतं पण त्या दिवशी हातून गेलं. येत नव्हतं तर दोन-तीन डुअल (इन्स्ट्रक्टरसोबतच्या) सॉर्टी आणि पुन्हा. येत होतं तर आणखी दहा तास उडवून उपयोग नाही, मग तुम्हाला सराव हवाय तो परीक्षेचा. तुम्हाला ओळखत नसलेल्या एखाद्या दुसऱ्या इन्स्ट्रक्टरला खोटा चेक घ्यायला सांगा, पूर्ण गंभीरपणे, मध्ये एक शब्दही मदत न करता. ओळखीचा माणूस शेजारी असला की आपण नकळत त्याच्या चेहऱ्यावरून उडवत असतो, अनोळखी माणूस नुसता गप्प बसून कागदावर काहीतरी लिहितो आणि तेवढ्यानेच आपली अक्कल सैरभैर होते.

पुढे एअरलाइनच्या इंटरव्ह्यूत कधी चेक फेल झालात का हे विचारलं जातं. लपवू नका. रेकॉर्ड निघतंच. काय चुकलं आणि काय बदललं हे दोन वाक्यांत सांगता आलं की झालं.

पेपर आणि आरटी

पेपर राहिला की लोक तेच पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला घेतात. वेळ फुकट. त्यापेक्षा सराव पेपरमधल्या चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे एक अक्षर लिहा, माहीतच नव्हतं तर "न", प्रश्न नीट वाचला नाही तर "व", आकडेमोडीत घसरलो तर "ग". मी मेटच्या (हवामानशास्त्राच्या) पेपरला बसण्याआधी हे केलं तर निम्म्याहून जास्त "व" निघाले. मला मेटिऑरॉलॉजी येत होती, मला "नाही" हा शब्द प्रश्नात दिसत नव्हता! पुस्तकाने ते सुधारलं नसतं.

रेडिओवर बोबडी वळणाऱ्यांनी लाज सोडावी. ऐकू आलं नाही तर "से अगेन", वेळ हवा तर "स्टँडबाय", जमत नसेल तर "अनेबल", हे तिन्ही शब्द प्रमाण भाषेतलेच आहेत, कंट्रोलर त्यावर चिडत नाही, अर्धवट ऐकून चुकीचा रीडबॅक दिला (सूचना चुकीची परत म्हटली) तर मात्र चिडेल आणि चिडायलाच हवं. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) सहापैकी किमान चौथ्या पातळीचं इंग्रजी लागतं, पण त्यात तुमचे उच्चार साहेबासारखे असावेत असं कुठेच नाही, समोरच्याला कळले पाहिजेत एवढंच. कॉल आधी कागदावर लिहून ठेवा, कोणाला बोलतोय, मी कोण, कुठे आहे, काय हवंय. आणि बोलण्याच्या नादात विमान सोडू नका. आधी उडवा, मग कुठे जायचंय ते बघा, बोलणं सगळ्यात शेवटी.

शरीर साथ देत नाही तेव्हा

कमर्शियलच्या वाटेला जायचं असेल तर क्लास वन मेडिकल हवं, आणि ते फी भरायच्या आधी करून घ्या, नंतर नाही. हे वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवीन इतकं महत्त्वाचं आहे.

मेडिकलमध्ये अडकलात तर "अनफिट" या शब्दापुढे काय लिहिलंय ते वाचा. टेम्पररी आणि पर्मनंट यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ब्लड प्रेशर, वजन, नुकतं झालेलं ऑपरेशन अशा कारणांनी टेम्पररी अनफिट झालेली कितीतरी मुलं काही महिन्यांत परत येतात. रंग ओळखण्यात अडचण असेल तर ठिपक्यांची इशिहारा टेस्ट ही पहिली चाळणी असते, त्यात अडकणाऱ्यांसाठी अनेक देशांत पुढच्या वेगळ्या टेस्ट असतात, म्हणून विमानोड्डाणाची मेडिकल करणाऱ्या डॉक्टरांकडेच जाऊन नीट विचारा. ग्रुपवरच्या मित्राला विचारून हाय खाऊ नका, आणि काही लपवून पासही होऊ नका.

विमानात उलटी होते म्हणून गळून जाणारे बरेच असतात. बहुतेकांचं शरीर काही सॉर्टीनंतर सरावतं. नजर क्षितिजावर ठेवा, हवेचा झोत तोंडावर घ्या, कंट्रोल स्वतःच्या हातात मागा (स्वतः उडवताना कमी मळमळतं), सॉर्टी छोट्या ठेवा, उपाशीही जाऊ नका आणि तुडुंब जेवूनही नको. मळमळीच्या ज्या गोळ्यांनी झोप येते त्या घेऊन कंट्रोलवर बसायचं नाही.

इथे मला जेसिका कॉक्स आठवते. जन्मतः दोन्ही हात नसलेली ही अमेरिकन बाई २००८ मध्ये लायसन्सधारक पायलट झाली, पायांनी विमान उडवून. लोक तिची गोष्ट इच्छाशक्तीची म्हणून सांगतात, ते खरंच आहे, पण मला त्यात दुसरी गोष्ट जास्त दिसते. तिने लायसन्स मिळवलं ते अर्कूप नावाच्या जुन्या छोट्या विमानावर, ज्याच्या रचनेत रडर मुख्य कंट्रोलला जोडलेला असतो आणि रडरची वेगळी पेडल्स लागत नाहीत. अडचण नेमकी कुठे आहे हे कळल्याशिवाय असं विमान शोधायला कोण जाईल?

इन्स्ट्रक्टर बदलू का?

चार-पाच सॉर्टी झाल्या, तीच चूक, तेच ओरडणं, आणि समजावण्याची पद्धतही तीच, तर दुसऱ्या कुणाबरोबर दोन सॉर्टी मागायला हरकत नाही. भांडण म्हणून नाही. "सर, माझ्या डोक्यात हे बसत नाहीये, दुसऱ्या नजरेने कुणी बघितलं तर बरं होईल" एवढं बोला, चांगला इन्स्ट्रक्टर उलट स्वतःच सुचवतो. पण तिसऱ्या-चौथ्या माणसाकडेही तेच ऐकायला मिळालं तर मग बदलायचं कोण ते आपल्याला कळायला हवं.

आणि दारच बंद असेल तर? बेसी कोलमन या कृष्णवर्णीय मुलीला अमेरिकेतल्या एकाही फ्लाइंग स्कूलने घेतलं नाही, तेव्हा ती फ्रेंच शिकली, फ्रान्सला गेली आणि १९२१ मध्ये लायसन्स घेऊनच परतली.

पैसा आणि खंड

आयकाओच्या निकषांप्रमाणे पीपीएलला (खासगी पायलट लायसन्स) किमान ४० तास आणि सीपीएलला (व्यावसायिक पायलट लायसन्स) किमान २०० तास लागतात, मान्यताप्राप्त कोर्समधून केलं तर ३५ आणि १५०. लक्षात घ्या, किमान. बजेट किमान तासांचं केलं की ते फसणारच, मी तर म्हणेन एक तृतीयांश जास्त धरूनच सुरू करा. सगळी फी एकरकमी भरू नका, टप्प्याने भरा, स्कूल बंद पडलं किंवा विमान महिनोन्‌महिने हँगरमध्ये पडून राहिलं तर अडकलेले पैसे सोडवण्यात वर्षं जातात (माझ्या एका मित्राचे अजून अडकलेत, पुढे न बोललेलं बरं).

पैसे कमी असतील तर महिन्याला एक सॉर्टी असं रडत-खडत करू नका, प्रत्येक वेळी निम्मी सॉर्टी मागचं आठवण्यात जाते. त्यापेक्षा तीन-चार महिने थांबा, साठवा, आणि मग आठवड्याला तीन-तीन सॉर्टी सलग मारा. थांबलेल्या काळात पेपर काढून टाका, तेवढाच फायदा.

वेदरमुळे खंड पडला तर वैतागून विंडसॉककडे (वारा दाखवणाऱ्या कापडी नळीकडे) बघत बसण्यापेक्षा तोच दिवस कामाला लावा. सकाळचा वेदर रिपोर्ट वाचून स्वतः ठरवा, आज मी सोलो गेलो असतो का, का नाही, कुठल्या आकड्यामुळे नाही. मग इन्स्ट्रक्टरला विचारा त्यांचा निर्णय काय. पायलटला पुढे आयुष्यभर हेच करायचंय.

मनाने हाय खाल्ली असेल तर

एखादी सॉर्टी अशी जाते की नंतर विमानाकडे बघवत नाही. माझी क्रॉसविंडमध्ये (रनवेला आडव्या वाऱ्यात) गेली होती, विमान रनवेच्या कडेपर्यंत सरकलं होतं आणि मी थिजलो होतो. दोन दिवस पोट बिघडल्याचं सांगून घरी बसलो. ते चुकलंच, कारण खरं कारण इन्स्ट्रक्टरला सांगितलं असतं तर त्यांनी ते दोन दिवस आधीच सोडवलं असतं.

वर जाण्याआधी स्वतःला प्रामाणिकपणे विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत: आजारी आहे का, औषध घेतलंय का, डोक्यात ताण आहे का, दारू उतरलीय का, झोप झालीय का, जेवण आणि मन ठिकाणावर आहे का. एकाही प्रश्नाला अडखळलात तर त्या दिवशी खाली राहायचं, त्यात कमीपणा काही नाही. मात्र असं सलग महिनाभर होत असेल, झोप लागत नसेल, तर डॉक्टरशी बोला.

सोडायचं का हा प्रश्न वाईट लँडिंगच्या संध्याकाळी विचारायचा नाही. त्यासाठी आधीच तारीख ठरवून ठेवा, आजपासून दहा सॉर्टींनंतर, वही उघडून, इन्स्ट्रक्टरला समोर बसवून. दहा पानांवर दहा वेगळ्या चुका असतील तर तुम्ही शिकताय, चूक बदलतेय. दहाही पानांवर एकच चूक असेल तर आधी इन्स्ट्रक्टर किंवा पद्धत बदलून बघा, आणि तेही करून झालं असेल तर मग शांतपणे थांबायचा विचार करा. डिस्पॅच (उड्डाणांचं नियोजन), एअर ट्रॅफिक कंट्रोल, मेंटेनन्स इथेही विमानांवर जीव असलेली माणसंच लागतात.

आणि परत वर जायचं ठरलं तर पहिल्या सॉर्टीला नवीन काही शिकायला मागू नका. शांत वाऱ्याची सकाळ, इन्स्ट्रक्टर शेजारी, जे हमखास येतं तेवढंच, दोन सर्किट मारायची आणि खाली. मी क्रॉसविंडनंतर तेच केलं होतं. दुसरं लँडिंग जरा वाकडंच झालं, पण "आय हॅव कंट्रोल" काही ऐकू आलं नाही.